सत्तरला एक कमी

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हळदकुंकू लावलं, त्याच्यासमोर नारळ फोडला, आणि मग त्याच्यावर फुलाफुलांचा अभ्रा चढवून खोलीला कुलूप घातलं. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. त्या खोलीत आधी लेझीम, डंबेल्स आणि पंधरा ऑगस्टच्या पताका असायच्या. ते सगळं बाहेर व्हरांड्यात आलं आणि तिथेच गंजलं. शतक संपत आलं होतं, पेपरात इंटरनेटबद्दल काहीबाही छापून येत होतं, आणि पाथर्डीच्या पुढे बीडच्या अंगाला असलेल्या आमच्या गावाने जगाबरोबर चालायचं ठरवलं होतं. म्हणजे गावाने नाही, भाऊंनी.

भाऊ म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार भाऊंचे, वह्यांच्या कव्हरवरचा फोटो भाऊंचा, स्नेहसंमेलनातलं पहिलं भाषण भाऊंचं आणि शेवटचंही भाऊंचंच. ते स्वतः चौथी शिकले होते की सहावी याबद्दल गावात दोन मतं होती. त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. न शिकलेल्या माणसाने शाळा काढली तर ती चांगलीच गोष्ट आहे. पण शाळा काढली म्हणजे आपण आपोआप शिकलो असा त्यांचा समज झाला होता, आणि तो समज खोडून काढायची कोणाची टाप नव्हती.

कॉम्प्युटरचा तास आठवड्यातून एकदा व्हायचा, आणि तो वर्गातच, फळ्यावर. हेडमास्तर खडूने कॉम्प्युटर काढायचे. "हा मॉनिटर, हा सीपीयू, हा उंदीर." आम्ही वहीत उंदीर काढायचो, मिशा आणि शेपटीसकट. आकृतीला मार्क होते. खरा कॉम्प्युटर बघायला आम्हाला एकदाच रांगेने नेलं, तेही चपला बाहेर काढून आणि नळावर लाल साबणाने हात धुऊन. कारण व्हायरस. व्हायरस म्हणजे विषाणू, ते हाताला असतात आणि शिंकेतून पसरतात, असं हेडमास्तरांनी समजावून सांगितलं होतं. बरं, हात धुतले म्हणून हात लावू देतील, तर तसंही नाही. जमिनीवर खडूने एक रेघ मारलेली होती. तिच्या अलीकडे उभं राहून बघायचं आणि वर्गात परत यायचं.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला. त्याआधी या गावात "हात लावू नको" हे कोणाला ऐकवलं जायचं ते मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे त्या दिवशी बड्या बागायतदाराच्या पोरापासून माझ्यापर्यंत सगळ्या वर्गाला एकच दम मिळाला तेव्हा मला मोठी गंमत वाटली. कायद्याला जे इतकी वर्षं जमलं नव्हतं ते या डब्याने केलं होतं, सगळ्यांना एका रेघेच्या अलीकडे आणलं होतं. घरी आल्यावर मी हे अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, शेजारच्या वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. ते हसले नाहीत. "असलं बाहेर बोलू नगंस," एवढंच म्हणाले आणि सायकलची चेन बसवत राहिले.

मी तेव्हा आठवीत होते. दिवाळीच्या सुट्टीत भाऊंचा भाचा पुण्याहून आला. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. गावात सगळे त्याला इंजिनियरच म्हणायला लागले आणि त्यानेही कोणाला अडवलं नाही. तो लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकलेला. मराठी बोलायचा, पण पाहुण्यांच्या घरी चहा प्यावा तशी, जपून आणि थोडीशी. त्यानेच भाऊंच्या डोक्यात ते भरवलं. इंटरनेटवर म्हणे एक गणिताचा खेळ आहे, जगभरातली मुलं आपापल्या शाळेत बसून तो एकाच वेळी खेळतात. पडद्यावर उदाहरण येतं, ज्याचं उत्तर बरोबर आणि आधी त्याचा ससा पुढे पळतो. आपल्या शाळेचा ससा त्यांच्या सशांबरोबर पळाला तर?

भाऊंना ससा फारच आवडला. दिवाळीनंतर शाळा भरली त्या दिवशी प्रार्थनेला ते स्वतः आले. "आपल्या शाळंची पोरं आता जगातल्या पोरांसंगं लढनार हायेत," ते माईकवर म्हणाले. "ऑस्ट्रेलिया म्हना, मलेशिया म्हना. कोनी बी येऊ द्या." समोर आम्ही उभे होतो, जेवढे उरलो होतो तेवढे. दिवाळी झाली की आमचा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा आणि ट्रॅक्टर परत येईपर्यंत ते बाक रिकामे राहायचे. जगातल्या पोरांशी लढायला निघालेल्या भाऊंना आपली निम्मी पोरं कुठल्या फडात आहेत हे विचारावंसं वाटलं नाही. आम्ही मात्र टाळ्या वाजवल्या, कारण हेडमास्तरांनी हाताने खूण केली होती.

मग भाऊंनी बक्षीस सांगितलं. आपल्या शाळेतून जो पहिला येईल त्याला संस्थेच्या नगरच्या शाळेत नववी आणि दहावी फुकट. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. हे ऐकल्यावर मला ससा, ऑस्ट्रेलिया, जग यातलं काही दिसेनासं झालं. मला ती जागा हवी होती. अण्णांच्या पगारावर आमचं घर आणि दोन काकांची घरं चालायची, त्यात हॉस्टेल बसणं शक्य नव्हतं. आणि गावात राहून मला गणित येणार नव्हतं, कारण गावात गणित हेडमास्तर शिकवत. ते गाइड बघून शिकवत, आणि गाइडात चूक असली की ती चूकही शिकवत. एकदा माझं उत्तर गाइडापेक्षा वेगळं आलं. त्यांनी माझी वही बघितलीच नाही. "छापलेलं चुकीचं कसं असंल गं?" म्हणाले, आणि सगळ्या वर्गाला छापलेलं उत्तर उतरवून घ्यायला लावलं. त्या दिवशीपासून मला त्यांचा तिटकारा होता, आणि तो लपवायला मी काही विशेष कष्ट घेतले नाहीत.

निवडीसाठी हेडमास्तरांनी तोंडी परीक्षा घेतली. तोंडी हिशोबात माझ्यापुढे कोणी टिकत नव्हतं. अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे आणि चढ लागला की पाढे विचारायचे, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत. चढावर त्यांना दम लागायचा आणि मला बोलायला मोकळीक मिळायची. माझ्याबरोबर निवडला गेला तो साखर कारखान्याच्या एका संचालकाचा मुलगा. चौथीपर्यंत नगरला इंग्रजी शाळेत होता, तिथे करमेना म्हणून घरी आणलेला. मुलगा वाईट नव्हता. उत्तर येत असलं की तो इंग्रजीत पुटपुटायचा, आणि येत नसलं की मराठीत गप्प बसायचा.

ऑस्ट्रेलियाची मुलं शाळेत असतात त्या वेळेला आपली सकाळ असते, म्हणून शुक्रवारची सकाळ ठरली. मैदानात मांडव घातला. स्पीकरवर देशभक्तीपर गाणी. कॉम्प्युटरच्या खोलीत पुढच्या खुर्च्यांवर भाऊ, पंचायत समितीचे साहेब, कारखान्याचे दोन-तीन लोक, आणि पाथर्डीहून बोलावलेला फोटोग्राफर. मागे भिंतीला टेकून गुरुजी मंडळी उभी, त्यात अण्णाही. आजूबाजूच्या शाळांतल्या सगळ्या गुरुजींना हजर राहायला सांगितलं होतं. शाळेत फोन एकच, हेडमास्तरांच्या ऑफिसात. त्याची वायर खिडकीतून ओढून कॉम्प्युटरला जोडलेली. भाच्याने नगरचा नंबर लावला आणि तो डबा किरकिरायला, शिट्ट्या मारायला लागला. "आला! अमेरिकेचा आवाज आला!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचायत समितीच्या साहेबांनी तर हात जोडले. फोन नगरला लागला होता, जिथे हे साहेब दर आठवड्याला मीटिंगला जात.

लाईन लागल्याबरोबर हेडमास्तरांनी तोंडावर बोट ठेवलं. फोनची लाईन आहे, इथलं बोलणं तिकडे ऐकू जातं, म्हणून कोणी खोकायचं नाही, बोलायचं नाही. स्पर्धकांनी फक्त उत्तर बोलायचं. यावर त्या खोलीतल्या शिकल्यासवरल्या एकाही माणसाला काही शंका आली नाही. भाच्याला तरी माहीत असणार, पण शांतता त्याला सोयीची होती. त्याने खेळाडूचं नाव म्हणून भाऊंचं नाव घातलं, आडनावासकट, आणि पुढे वय विचारलं तिथे तेरा. म्हणजे मलेशियातल्या कुठल्यातरी मुलीला त्या सकाळी वाटलं असणार की आपण एका तेरा वर्षांच्या भाऊंशी खेळतोय. भाऊंनी पडद्यावर आपलं नाव बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

आता पद्धत अशी ठरली होती. आम्ही दोघांनी खडूच्या रेघेच्या अलीकडे उभं राहायचं. पडद्यावर उदाहरण आलं की उत्तर मोठ्याने सांगायचं आणि भाच्याने ते दाबायचं. आम्ही हात लावायचा प्रश्नच नव्हता. आधी संचालकाचा मुलगा खेळला. त्याची निम्मीअधिक उत्तरं बरोबर आली. "फोर्टी नाइन," तो म्हणायचा आणि भाचा फोर्टी नाइन दाबायचा. ससा बऱ्यापैकी पळाला. ऑस्ट्रेलियाच्या मागे राहिला, पण कुठल्यातरी बेटावरच्या एका पोराच्या पुढे गेला. भाऊ खुश झाले.

मग मी. पहिलं उदाहरण शंभर वजा एकतीस. ते वाचून होण्याआधीच मी म्हणाले, "एकोणसत्तर." भाच्याने दाबलं आणि पडद्यावर लाल फुली आली. मला वाटलं आपण वाचण्यात चुकलो. पुढचं होतं सात साते. "एकोणपन्नास." पुन्हा फुली. सात साते एकोणपन्नास नाहीत असं जगाने ठरवलं असेल तर मला काही म्हणायचं नव्हतं, पण मला ते खरं वाटेना. तिसरं उत्तर बावीस होतं, ते बरोबर आलं. मग पुन्हा एक एकोणचाळीस आलं आणि पुन्हा फुली. मी रेघेवरून जरा वाकून बघितलं, तर पडद्यावर माझ्या उत्तराच्या जागी एकोणपन्नास लिहिलेलं.

तेव्हा मला कळलं. भाच्याला 'एकोण' म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी. याने काय केलं, तर शेवटी नऊ येतात एवढं अर्धवट लक्षात ठेवलं होतं, आणि सत्तर ऐकू आलं म्हणून सत्तरवर नऊ चढवले. माझं प्रत्येक एकोण तो दहाने वाढवून जगाला पाठवत होता. आणि जो मुलगा इंग्रजीत आकडे बोलला होता त्याचं एकही उत्तर त्याने बिघडवलं नव्हतं.

मला राग आला तो भाच्याचा नाही. त्याला शाळेत जे शिकवलं नाही ते तो कुठून आणणार. राग आला हेडमास्तरांचा. गणिताचे मास्तर पुढच्या खुर्चीशेजारी उभे होते. शंभर वजा एकतीस त्यांना दिसत होतं, माझं एकोणसत्तर त्यांना ऐकू आलं होतं. हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात. पण फुली आली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि भाऊंच्या कानाशी वाकून म्हणाले, "घाबरली वाटतं. चुकायला लागली." छापलेलं चुकीचं कसं असेल, तसं पडद्यावरचं तरी चुकीचं कसं असेल!

"सर, ते एकोणसत्तर साठावर नऊ असतंय, ह्या दादांनी चुकीचं..." असं मी म्हणायला लागले तर सगळ्या खोलीने श्श केलं. लाईनवर ऐकू जाईल ना. मग मी युक्ती केली. पुढचं उत्तर एकोणसाठ होतं. मी म्हणाले, "पन्नास आणि नऊ." भाच्याने बरोबर दाबलं. ससा हलला. पुढचं "सत्तर आणि नऊ." ससा पुढे. मला वाटलं जमलं. एवढ्या फुल्यांनंतरही मी त्या मुलाच्या बरोबरीला येत होते, आणि नगरचं हॉस्टेल मला दिसायला लागलं होतं, न बघितलेलं असूनही.

तेवढ्यात भाऊंनी बोट वर केलं. बोलायचं नाही हा नियम भाऊंना लागू नव्हता, त्यांचा आवाज परदेशात गेला तर परदेशाचंच भाग्य. "पोरी, आकडं नीट बोल," ते म्हणाले. "सत्तर आन् नऊ म्हंजी काय? बाजारात बसलीस व्हय? जग ऐकतंय. आठवीत गेलीस आन् एकुनऐंशी म्हनता येत न्हाई?" पंचायत समितीचे साहेब हसले. फोटोग्राफरही हसला. हेडमास्तर माझ्याकडे डोळे वटारून म्हणाले, "शुद्ध बोल." मराठी आकड्यांची नावं ज्याला येत नव्हती तो खुर्चीवर बसला होता, आणि ती नावं जिला येत होती तिला शुद्ध बोलायला शिकवलं जात होतं. अण्णा भिंतीशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघत होते.

हेडमास्तर बाहेर गेले. माझी फेरी संपत आली होती, शेवटचं उदाहरण राहिलं होतं, आणि ते आलं तर उत्तर एकोणनव्वद. आता एकोणनव्वद म्हणावं तर नव्व्याण्णव दाबलं जाणार. ऐंशी आणि नऊ म्हणावं तर भाऊ ओरडणार, आणि भाचा दाबायचा थांबणार. वर ऑस्ट्रेलियाचा ससा धावतोय. मी रेघ ओलांडली. टेबलाजवळ गेले, भाच्याच्या हातावरून हात घालून आठ दाबला, नऊ दाबला, आणि तो प्रत्येक उत्तरानंतर जे मोठं बटण दाबायचा ते दाबलं. हिरवी खूण आली. ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. ससा एक उडी पुढे आला आणि उडीच्या मध्यावरच थांबला.

सगळा पडदा थांबला. भाचा दोन-तीनदा काहीतरी दाबत राहिला आणि मग म्हणाला, "लाईन गेली." खोलीत एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत शेजारच्या ऑफिसातून, वायर आणली होती त्याच खिडकीतून, हेडमास्तरांचा आवाज आला. "हॅलो? हॅलो! आरं हे काय किरकिरतंय," आणि फोनचा दांडा खटखट आपटल्याचा आवाज. मग जरा वेळाने, "हां, हॉटेल का? वडे कुठवर आले? पाहुणे बसल्यात हितं." लाईनवर खोकायचं नाही म्हणणाऱ्या माणसाने वड्यांसाठी तोच फोन उचलला होता. पण ते मला ऐकू आलं, आणि मला वाटतं भाच्याला. बाकीच्यांनी वेगळंच काहीतरी बघितलं होतं.

"हिनं हात लावला," कोणीतरी म्हणालं. "हात लावला आन् गेलं." मागून दुसऱ्याने तेच म्हटलं, मग तिसऱ्याने. हे वाक्य या गावाला नवीन नव्हतं, तोंडात बसलेलं होतं. आजोबांच्या वेळी ते विहिरीबद्दल असायचं. मी म्हणाले, "मी नाही. परत लावा, मी परत खेळते." भाऊंना माझी कीव आली बहुतेक. "परदेशातली पोरं तुज्यासाठी थांबत्यात व्हय?" ते म्हणाले. तोवर वडे आले आणि सगळे मांडवात गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात भाऊंचा उंदरावर हात ठेवलेला फोटो होता, आणि खाली खेड्यातल्या विद्यार्थ्यांनी जगाला टक्कर दिल्याची बातमी.

जागा संचालकाच्या मुलाला मिळाली, आणि माझी ओळख लाईन घालवणारी अशी झाली. पाणी भरायला गेलं तरी बायका विचारायच्या, "तूच का गं ती?" विहिरीला हात लावल्याने पाणी बाटत नाही हे ज्यांना उशिरा का होईना कळलं होतं, त्यांना हे समजावण्यात मला रस नव्हता. मी कोणालाही काही सांगितलं नाही. त्यांची ती लायकीच नव्हती, असं मला तेव्हा वाटायचं, आणि आताही वाटतं.

मे महिन्यात त्या मुलाच्या आईने हट्ट धरला की एकुलता एक मुलगा हॉस्टेलला पाठवणार नाही. जागा रिकामी झाली. मग भाऊंचा निरोप आला, गुरुजींनी पोरीला घेऊन यावं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

भाऊ संस्थेच्या ऑफिसात बसले होते, शेजारी हेडमास्तर. भाऊ चांगल्या मूडमध्ये होते. म्हणाले, "गुरुजी, जागा हाय. पोरगी हुशार हाय ते बी मला म्हाईत हाय. पन शिस्त पायजे. ती एकदा म्हनू द्या, माज्यामुळं लाईन गेली, चुकलं. लगीच चिठ्ठी देतो."

मला जागा हवी होती. सहा महिने मी दुसरं काही मागितलं नव्हतं. समोर नगर होतं, आणि मधे एक शब्द. मी हेडमास्तरांकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते मूग गिळून बसले होते.

"लाईन माझ्यामुळं गेली नाही," मी म्हणाले. "सरांनी वड्यांसाठी फोन उचलला तेव्हा गेली. आणि माझं उत्तर बरोबर होतं."

हेडमास्तर टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले. भाऊंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, म्हणजे त्यांनाही कळलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. खुर्चीत मागे टेकून ते अण्णांना म्हणाले, "गुरुजी, पोरीला बोलायला लई शिकवलंय तुमी. बघा, तुमची मर्जी. जागंला दुसरी बी मानसं हायेत."

मी अण्णांची वाट बघत होते. मला वाटलं आता ते उठतील. आमच्या घरात आजोबांनी एक नियम घातला होता, हात जोडायचे ते फक्त विहारात, माणसापुढे नाही. अण्णांनी तो नियम कधी मोडलेला मी बघितला नव्हता. अण्णा उठले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं साहेब. लहान हाय ती. माझंच चुकलं."

भाऊंनी लगेच चिठ्ठी लिहिली. हेडमास्तरांनी शिक्का मारला.

घरी येईपर्यंत मी अण्णांशी बोलले नाही, आणि त्यानंतरही कामापुरतंच बोलले. भाऊ आणि हेडमास्तर यांचा मला राग नव्हता, तुच्छता होती, आणि तुच्छतेने माणूस जळत नाही. अण्णांचा मात्र राग आला, खरा, पोटातून. जे खोटं न बोलण्यासाठी मी जागा सोडायला तयार झाले होते ते खोटं त्यांनी उभं राहून, हात जोडून खरं करून दिलं होतं. आणि जागा घ्यायची होती मला.

मी ती घेतली. जूनमध्ये नगरच्या एस.टी.त त्यांनी माझी पत्र्याची पेटी सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. मी विचारलं, "तुमचं काय चुकलं होतं?"

"उत्तर बरोबर हुतं ना तुझं?"

"हो."

"मग झालं तर," अण्णा म्हणाले.

गाडी सुटली. नगरला गणिताच्या बाई फार चांगल्या होत्या, मी शिकले, पुढेही शिकत गेले, आणि आज जी काही आहे ती त्या चिठ्ठीमुळे आहे. पण अण्णांचं ते उत्तर मला अजून पटलेलं नाही.